संघाचं मशीन आणि माझी करंगळी

चहा ओतून घ्या, पण कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या साडूंच्या नाकातून चहा आला होता, आणि शर्ट नवा होता हो त्यांचा!

माणसानं गाढवपणा करू नये असं मी म्हणत नाही. सगळेच करतात. पण तो ऑर्डर देऊन, सहीशिक्क्यानिशी, वर हळदकुंकू वाहून कुणी करतं का? मी केलाय.

साठ-पासष्टच्या सुमाराची गोष्ट. मी कामशेतला, भात पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका संघात हंगामी कारकून होतो. हंगामी म्हणजे काय? गोदामात भात आलं की मी आलो, भात गेलं की मी गेलो. उंदरांचा आणि माझा मुक्काम साधारण सारखाच असायचा, फक्त त्यांना कुणी जा म्हणत नसे.

आणि नेमकं त्याच वर्षी मावशीनं मला लोणावळ्याचं एक स्थळ सुचवलं. सखारामभाऊंची मुलगी, मंदा. आम्ही बघायला गेलो. मंदानं पोह्यांची बशी माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "मिरची बाजूला काढा, तिखट आहे."

खलास! मी तिथंच संपलो. सरळ सांगतो, मला ती मनापासून आवडली. परत येताना कामशेत आलं तरी मी गाडीतून उतरलो नाही, दंड पकडून मावशीनं उतरवलं मला.

पण सखारामभाऊ पडले रेल्वेतले फिटर. उभा जन्म नटबोल्ट पारखण्यात गेलेला. त्यांनी मावशीला निरोप दिला, "पोरगं बरं हाय. पण हंगामी? न्हाई बा. कायम झाला की या. गॅरंटी नसलेली वस्तू मी घरात घेत न्हाई."

आता कायम व्हायचं कसं? तर देवाला माझी दया आली म्हणा, किंवा चेष्टा करावीशी वाटली म्हणा. सरकारची पत्रं टाइप केलेल्या मराठीत यायला लागली होती. आमची उत्तरं मात्र टाकानं लिहिलेली, त्यावर शाईचे डाग. आमचे अध्यक्ष आबा. पवनेकडचे मोठे शेतकरी, धोतर, खांद्यावर टॉवेल, वाचन बोट ठेवून एकेक अक्षर. त्यांनी मिटिंगमध्ये सांगून टाकलं, "आपून बी मशीन घ्यायचं. आन् ज्याला त्ये चालवाया येतंय त्याला कायम करायचं."

अहो, मला येत होतं! आख्ख्या संघात फक्त मला!

मी टायपिंग शिकलो होतो तळेगावला, खरे मास्तरांच्या क्लासात. क्लास म्हणजे एक खोली, दोन इंग्रजी मशीनं, एक मराठी. मराठीला नाव घातलेला मी एकटाच. मास्तर उंच, काळा कोट, उजवा हात बारा महिने कोटाच्या खिशात. उन्हाळ्यातसुद्धा! आम्हाला वाटायचं, विद्वान माणसं अशीच उभी राहत असतील. डाव्या हातात फूटपट्टी. तीच ते शिकवायला वापरायचे.

मराठी मशीनच्या सगळ्या कळा काळ्या रंगवलेल्या. एकीवर अक्षर दिसेल तर शपथ! मास्तर म्हणायचे, "कळांकडे बघून टाइप करणारा तो कारकून. न बघता करणारा तो टायपिस्ट!" आणि त्यांचा दुसरा सिद्धांत होता करंगळीचा. "उजवी करंगळी टायपिंगसाठी नाहीच मुळी. ती देवानं कान खाजवायला दिली आहे. तिला वर ठेवायची!" खाली आली की फूटपट्टी.

तर मी शिकलो करंगळी वर ठेवून. इतका वाऱ्यासारखा टाइप करायला लागलो की मास्तर म्हणाले, "तुला सरकारी परीक्षेची गरज नाही." त्यांनी स्वतःच्या सहीचं सर्टिफिकेट दिलं. मी ते फ्रेम करून घरात लावलं, देवांच्या शेजारी.

त्यामुळे आबांनी मशीन पसंत करायचं काम माझ्यावर टाकलं तेव्हा माझी छाती कशी झाली असेल बघा!

पुण्याहून टायपिंगची मशीनं विकणाऱ्या एका दुकानाचे लिमये म्हणून गृहस्थ मशीन घेऊन आले. टाय, टापटीप, आणि प्रत्येक वाक्याआधी एक छोटा उसासा. मशीन टेबलावर ठेवलं. नवं कोरं, काळं, चकचकीत. कळांवर अक्षरं लिहिलेली.

मी हसलो. "अक्षरं बघून कोण टाइप करतं, लिमयेसाहेब? आबा, तुमचा टॉवेल द्या. माझे डोळे बांधा."

"डोळं? कशापायी?"

"बांधा तर खरं!"

आबांनी टॉवेलानं माझे डोळे करकचून बांधले. त्याला भाताच्या कोंड्याचा वास येत होता. हमाल, काटेवाला, दोनचार शेतकरी, सगळे गोळा झाले. मी करंगळी वर केली आणि सुटलो! खाडखाड, खाडखाड, टिंग! एका दमात अर्धं पान. "मा. अध्यक्ष महोदय, स. न. वि. वि., आपल्या संघाकडील आंबेमोहोर भाताची पोती..." असं सगळं ठसक्यात हाणलं आणि टॉवेल सोडला.

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. आबांनी कागद हातात धरला होता, बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं होतं, आणि ते बोट काही पुढं सरकत नव्हतं.

"आरं, ही कानडी हाय का?"

"कानडी नाही," लिमये उसासा टाकून म्हणाले. "मी धारवाडला चार वर्षं होतो."

मी कागद बघितला. बाप रे! मधूनच एखादं अक्षर ओळखीचं, बाकी सगळी खिचडी. माझे कान गरम झाले. शहाणा माणूस इथं काय म्हणाला असता? "जरा सवय करून बघतो." मी काय म्हणालो असेन?

"मशीन चुकलंय!"

"मशीन चुकत नाही," लिमये म्हणाले. "ही सगळीकडची मांडणी आहे. लोकांनी विचार करून ठरवलेली."

"लोकांना बोटं होती का? हे बघा, किती अक्षरं उजव्या करंगळीवर टाकलीत! करंगळी देवानं टायपिंगला दिलेली नाही, लिमये. ती कान खाजवायला आहे."

लिमयेंनी स्वतःच्या करंगळीकडे बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच. मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीचं मशीन आणतो. तेही बघा."

आणलं. पुन्हा टॉवेल, पुन्हा खाडखाड, पुन्हा टिंग. आणि पुन्हा अगदी तीच कानडी! काना-मात्रेचा फरक नाही!

आता तुम्ही म्हणाल, दोन वेगळ्या कंपन्यांची मशीनं एकच चूक करतात, म्हणजे चूक कुणाची? लहान पोराला कळलं असतं. पण आमचा संघ कशातून निघाला होता माहितेय? बाजारातले व्यापारी आधी एकमेकांत ठरवायचे आणि मग दहाच्या दहा जण भाताला एकच भाव सांगायचे, त्याला वैतागून निघाला होता! त्यामुळे मी जे बोललो ते आबांना देववाणीसारखं पटलं.

"आबा, मिळालेल्या आहेत दोन्ही कंपन्या एकमेकांना!"

आबांनी मांडीवर थाप मारली. "व्हय! म्या तेच म्हंतोय! दोगं येकच बोलत्यात म्हंजी संगनमत! लिमये, आमी शेतकरी हाय, पर आमाला फसवायचं न्हाई. आमचा मानूस म्हंतोय तशी अक्षरं पायजेत."

लिमयेंनी त्या दिवसातला सगळ्यात मोठा उसासा टाकला. "करता येतं. आमचा मेकॅनिक ठसे काढून तुम्ही सांगाल तिथं कथलाचा डाख देऊन बसवेल. पण अक्षरं हलवली की कंपनीची गॅरंटी संपली. तसं लिहून द्यावं लागेल, आणि मशीन परत घेणार नाही."

"आणा कागद!" मी म्हणालो. त्यावर झोकात सही केली. खाली एक रेघही मारली, आणि रेघेखाली दोन टिंबं.

मग निघाली नवीनच पंचाईत. लिमये म्हणाले, "कुठलं अक्षर कुठं हवं ते सांगा." आता मला काय माहीत? मी आयुष्यात अक्षर कधी बघितलं होतं का कळेवर? माझ्या बोटांना माहीत होतं, मला नाही! शेवटी काय केलं असेल? आबा एकेक अक्षर मोठ्यानं बोलायचे, मी डोळे मिटून टेबलावर बोट आपटायचो, आणि बोट पडेल तिथं लिमये खडूनं खूण करायचे.

"क!" टक.

"ख!" टक.

"घ! आरं, घ कुटं ग्येला?"

"थांबा आबा, बोट शोधतंय."

दुपारभर हा खेळ चालला. गोदामाच्या दारात भाताच्या गाड्या उभ्या, आणि आतून अध्यक्ष बाराखडी ओरडतायत! बाहेरच्यांना वाटलं आबांनी रात्रशाळेचा अभ्यास काढला.

निघताना मी लिमयेंना आणखी एक सूचना केली. काय, सांगू? "कळा सगळ्या काळ्या रंगवून आणा." लिमयेंचा उसासाही संपला होता. ते नुसते गेले.

मशीन आलं ते ऐन दसऱ्याला. आबांनी ते तराजू आणि मापांच्या ओळीत मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. नारळ मात्र मी बाहेर फोडायला लावला, तेवढी अक्कल होती. पूजेनंतर मी पहिलं पत्र टाइप केलं. आत पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या अक्षरांबरोबर उडून कागदावर चिकटत होत्या, पण अक्षर न अक्षर शुद्ध मराठी! आबांनी बोट ठेवून सगळं वाचलं आणि डोळे पुसले. मीसुद्धा पुसले. खोटं कशाला बोलू?

त्यानंतर दोन महिने मी जमिनीवर नव्हतो. लोक बघायला यायचे. मी छताकडे बघत टाइप करायचो, एकीकडे गप्पा मारायचो. करंगळी सदैव आभाळात! मावशीनं लोणावळ्याला निरोपही धाडला, मुलगा आता कायम झालाच म्हणून समजा.

कायम करायला मात्र रीतसर जाहिरात द्यायची होती, मुलाखत घ्यायची होती. अर्ज आले दोन. एक माझा. दुसरा तळेगावच्या शेख नावाच्या मुलीचा. दोन वेण्या, हातात पिशवी, पिशवीत सरकारी परीक्षेचं सर्टिफिकेट. वडिलांचं बांगड्यांचं दुकान. बोलायला मऊ, नजर मात्र माझ्या करंगळीवर.

आबा म्हणाले, "बस पोरी. टाइप कर."

ती बसली. काळ्या कळांकडे एकदा बघितलं, बोटं ठेवली, न बघता टाइप केलं. आणि कागदावर काय आलं? कानडी!

मी हसलो हो! मोठ्यानं हसलो! "होतं असं नवशिक्यांचं," म्हणालो वर.

शेखबाईंनी शांतपणे कागद काढला. "आबा, ह्या मशीनवर अक्षरं भलत्याच जागी आहेत. समोरच्या शाळेत मशीन आहे, ते आणवा. आधी मी टाइप करते, मग ह्यांना बसवा."

दोन हमालांनी शाळेतलं मशीन उचलून आणलं. ती बसली. स्वच्छ मराठी पान, एक खाडाखोड नाही. मग मी बसलो. करंगळी वर, सुटलो, टिंग.

आबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. एकावरून बोट सरसर फिरलं, दुसऱ्यावर पहिल्याच अक्षराला अडलं. मग चष्मा काढून म्हणाले, "म्हंजी कानडी तुजी हाय. मशीनची न्हाई."

खोलीत कुणी हसलंही नाही, तेच जास्त लागलं. माझ्या डोळ्यांपुढं ती पोह्यांची बशी आली आणि गेली.

मिळेल त्या गाडीनं मी तळेगाव गाठलं. मास्तरांचं दार वाजवलं. मास्तर चहा पीत होते, कोट खुंटीला. त्यांनी दार उघडलं ते उजव्या हातानं.

त्या हाताला चारच बोटं होती. करंगळी नव्हतीच!

मी बघतोय हाताकडे, मास्तर बघतायत माझ्याकडे.

"मास्तर, करंगळी?"

"गेली. छापखान्यात होतो तेव्हा, कागद कापायच्या यंत्रात. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ये, चहा घे."

"आणि मशीन?"

"मग करंगळीची अक्षरं कशी दाबणार मी? एका मेकॅनिक मित्राकडून जवळच्या बोटांखाली आणून घेतली. त्यासाठी बाकीची सरकवावी लागली. आता कळांवर लिहिलंय एक आणि उमटतंय भलतंच, म्हणून काळा रंग मारला."

"पण ते देवानं कान खाजवायला दिली..."

"मला असती तर मी कान खाजवला असता," मास्तर म्हणाले.

मी जवळजवळ रडत ओरडलो, "मला सांगायचं तरी!"

"एकटा तू मराठीला आला होतास. सांगितलं असतं तर थांबला असतास? पण तुला झालंय काय एवढं? कुठल्याही मशीनवर महिनाभर बसलास तर करंगळी वळेल."

मग मी संघाच्या नव्या मशीनची अक्षरं कशी हलवून घेतली ते सांगितलं. मास्तरांनी कप खाली ठेवला. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं पश्चात्ताप झाला म्हाताऱ्याला. कसला पश्चात्ताप! हसत होते! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि त्याच चार बोटांनी माझी पाठ थोपटत म्हणाले, "म्हणजे आता माझी मशीनं दोन झाली!"

दुसऱ्या दिवशी आबांपुढं जाऊन मी सगळं खरं सांगितलं. राजीनामाही टाइप करून नेला होता, त्याच मशीनवर. आबांनी तो बोट ठेवून वाचला.

आबा सरळ माणूस. त्यांनी शेखबाईंना निरोप धाडून बोलावलं आणि नोकरी आधी तिलाच देऊ केली. ती मशीनकडे बघून म्हणाली, "नको आबा. ह्या मशीनची सवय झाली तर जगात दुसरं कुठलंच मशीन मला चालवता येणार नाही. ह्यांच्यासारखं होईल माझं." तिला पुढच्याच महिन्यात पुण्यात चांगली नोकरी लागली. बरं झालं. हसलो त्याबद्दल मी तिची माफी मागितली. तीही गोड हसली आणि म्हणाली, "आता करंगळी खाली ठेवा."

राहिलं काय? परत न जाणारं मशीन, आणि ते चालवू शकणारा जगातला एकच माणूस. मास्तर धरले तर दोन. आबांनी ठराव मांडला, जो मलाच टाइप करायला लागला. "सदर यंत्र दुसऱ्या कोणासही चालवता येत नसल्यामुळे, यंत्र चालू असेपर्यंत सदर इसमास कायम करण्यात येत आहे." सगळ्यांनी हात वर केले. कायम झालो! कसा का होईना, झालो!

मावशी त्याच दिवशी लोणावळ्याला जाऊन आली. रविवारी सखारामभाऊ आले, सोबत मंदा आणि तिची आई. मला वाटलं घरी येतील, पोहे-चहा होईल. कसलं काय! सखारामभाऊ कामशेत स्टेशनवरून तडक संघात आले. आबा होतेच.

"आबा, पोरगा कायम झाला म्हंत्यात. कायम म्हंजे कवापातूर?"

आबांना खोटं बोलता येत नव्हतं. "मशीन हाय तवर."

"आन् मशीनची गॅरंटी किती?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"ती ह्येनंच घालवली," आबा म्हणाले. "सही करून. खाली रेघ मारून."

मंदा पदर तोंडाला लावून उभी. रडते की हसते कळेना. सखारामभाऊंनी बाह्या वर केल्या, खिशातून पान्हा काढला. रविवारीसुद्धा पान्हा! त्यांनी मशीन उलटं केलं, प्रत्येक कळ दाबली, रूळ फिरवला, डाख नखानं खरवडून बघितला, एक स्क्रू आवळला. मग कान टेकवून मला म्हणाले, "चालवा."

मी टाइप केलं. आयुष्यात इतक्या घाबरत कधी टाइप केलं नव्हतं. करंगळी आपोआप वर गेली. सखारामभाऊ डोळे मिटून ऐकत होते. टिंग झालं, तसे ते उठले. माझ्याकडे ढुंकूनही न बघता मुलीकडे वळले.

"मंदे, यंत्र झकास हाय. ईस वर्सं मरत न्हाई. त्याच्यासंगं हे बी येत्यात. चालंल का बघ."

मंदानं मशीनकडे बघितलं, मग माझ्या वर राहिलेल्या करंगळीकडे.

"यंत्राकडे बघून घेते चालवून," म्हणाली.